कॉस्टली पडलं यार!

रविवारी सकाळी साडेसातला पुण्यातल्या बॅचलर माणसाला फोन करायची हिंमत जगात एकाच व्यक्तीत आहे. माझी ताई.

"काय करूलालास?"

"झोपलोय."

"झोपलास तर बोलूलालास कसं? ऊठ. एक विचारायचंय. कॉस्टली आणि एक्सपेन्सिव्ह, ह्याच्यात फरक काय रे?"

ताई लातूरला राहते. घरीच शिकवण्या घेते, आठवी ते दहावी, सगळे विषय. लातूर म्हणजे क्लासेसचं गाव. तिथे मोठमोठ्या होर्डिंगांवर टॉपर्सचे फोटो लागतात. ताईचं होर्डिंग नाही. हॉलमध्ये सतरंजी, एक फळा आणि बारा-पंधरा लेकरं. त्यातल्या एकाच्या सराव पेपरात 'रिकाम्या जागा भरा' होतं. 'हिज मिस्टेक प्रूव्ह्ड डॅश.' पर्याय दोन, कॉस्टली आणि एक्सपेन्सिव्ह. पोराने एक्सपेन्सिव्ह लिहिलं आणि मार्क गेला. त्याचं म्हणणं साधं होतं. दोन्हीचा अर्थ महाग, मग माझा मार्क का कापला?

"मला उत्तर देता आलं नाही," ताई म्हणाली. "तू इंग्रजीत लिहितोस ना? सांग की बाबा."

आता गंमत बघा. ही रिकामी जागा माझ्याही आयुष्यात एकदा येऊन गेली होती. आणि मीही ती चुकीचीच भरली होती.

तर झालं असं. २०१८ साली मास कॉमची डिग्री हातात पडली आणि एका इंग्रजी मासिकात इंटर्नशिप मिळाली. पहिलंच काम, एका नव्या कॅफेबद्दल दोनशे शब्द. मी सॉलिड मेहनत घेतली. कॅफेला लिहिलं 'कॉस्टली'. ऑर्डर यायला पाऊण तास लागतो, ऑफिसवाल्यांना हा उशीर परवडणारा नाही, हे सांगायला लिहिलं 'एक्सपेन्सिव्ह डिले'. म्हणजे दोन शब्द, दोन जागा, आणि दोन्ही बरोब्बर उलट! सीनिअर मॅडमनी ते वाक्य सगळ्या डेस्कला वाचून दाखवलं. लोक हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार?

मग त्यांनी विचारलं, "गाव कुठलं तुझं?"

"मुरुड."

"वॉव! बीच!"

हे मला नवीन नव्हतं. महाराष्ट्रात मुरुड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकदम जंजिरा उभा राहतो. थोडे वाचणारे असतील तर त्यांना दापोलीजवळचं मुरुड आठवतं, महर्षी कर्व्यांचं. आमचं मुरुड तिसरं. लातूर तालुक्यातलं, लातूर-बार्शी रस्त्यावरचं. समुद्र सोडा, आमच्याकडे नळाला पाणी आलं तरी लोक एकमेकांना हाका मारून सांगतात. हे मी मॅडमना सांगितलं नाही. घरी आलो, डिक्शनरी उघडली आणि त्या दोन शब्दांच्या मागेच लागलो.

फंडा असा आहे. एक्सपेन्सिव्ह म्हणजे जिची किंमत जास्त आहे अशी वस्तू किंवा सेवा. फोन, फ्लॅट, रेस्टॉरंट, लग्नाचा हॉल. किंमत आधी कळते. लेबलवर छापलेली असते, आवडली नाही तर तुम्ही दुकानाबाहेर पडू शकता. कॉस्टली हा शब्दही किमतीसाठी चालतो. आपल्याकडे तर तो भाजीपासून बाइकपर्यंत सगळ्याला लावतात आणि डिक्शनरीतही तो अर्थ दिलेला आहे. पण त्याचं खरं घर वेगळं. कॉस्टली मिस्टेक, कॉस्टली डिले, कॉस्टली वॉर. ज्याच्यामुळे नंतर मोठं नुकसान सोसावं लागतं ते कॉस्टली. हे नुकसान पैशांचंच असेल असं नाही. वेळ, तब्येत, संधी, माणसं, काहीही जाऊ शकतं. ह्याचं लेबल आधी कुठे लावलेलं नसतं.

चुकीला एक्सपेन्सिव्ह म्हणतच नाहीत असंही नाही. चुकून लाखाचा माल फुकट गेला तर ती 'एक्सपेन्सिव्ह मिस्टेक' होऊ शकते, कारण आकडा मांडता येतो. पण 'प्रूव्ह्ड'च्या पुढे, परिणाम सांगायचा असेल तेव्हा, इंग्रजी कान कॉस्टलीच मागतो. म्हणून त्या पोराचा मार्क गेला. अर्धा तरी द्यायला हवा होता, हे माझं मत.

अजून दोन-तीन खड्डे आहेत. ऑफिसात उपयोगी पडतील म्हणून सांगतो. एक, 'प्राइस इज एक्सपेन्सिव्ह' नाही. प्राइस हाय असते, वस्तू एक्सपेन्सिव्ह असते. मराठीत आपण हे चुकत नाही. भाव चढतो, कडाडतो, भडकतो. महाग होते ती डाळ. दोन, कॉस्टलीच्या शेवटी 'ली' असलं तरी तो फ्रेंडली, लव्हलीच्या जातीतला आहे, विशेषण. 'ही पेड कॉस्टली' होत नाही. जबर किंमत मोजली असेल तर 'पेड डिअरली'. तीन, नुकसान स्वतः एक्सपेन्सिव्ह नसतं. धंद्यातलं, शेअर बाजारातलं नुकसान 'हेवी लॉस'. पण कलीगचे वडील गेल्यावर मेलमध्ये 'हेवी लॉस' लिहू नका प्लीज. तिथे 'ग्रेट लॉस' किंवा 'इर्रेपरेबल लॉस'. हेवी लॉस वाचून माणसाला वाटेल, वडील नाही, शेअर पडला.

आणि डिअर? प्रिय या अर्थाचा डिअर हाच जुन्या इंग्रजीत महागसुद्धा आहे. आज कुणी बोलताना तो फारसा वापरत नाही. पण आपल्या देशात सरकारी पगाराच्या स्लिपेत अजून बसलाय. डीए! डिअरनेस अलाउन्स, महागाई भत्ता. म्हणजे जे जपून ठेवावंसं वाटतं आणि जे घेताना खिसा रडतो, दोन्हीला एकच शब्द. इंग्रज लोक कधी कधी सॉलिड खरं बोलून जातात.

एवढं सगळं मी ताईला अंथरुणात पडल्या पडल्या सांगितलं. अगदी सीनिअर मॅडमच्या टोनमध्ये. मी थांबलो तेव्हा ती म्हणाली, "आरं, म्हणजे 'महाग हाय' म्हटलं की एक्सपेन्सिव्ह, आणि 'महागात पडलं' म्हटलं की कॉस्टली. एवढंच ना?"

मी उठून बसलो. खरंच की!

मला हे कळायला दोन रात्री, एक डिक्शनरी आणि एक भर डेस्कवरची फजिती लागली होती. ताईने भाजी निवडता निवडता सांगून टाकलं. आपल्याकडे हा फरक आधीपासून आहे. शर्ट महाग असतो. आळस महागात पडतो. 'आळस महाग आहे' असं मुरुडचं शेंबडं पोरगंही म्हणणार नाही. महाग हा शब्द संस्कृतातल्या महार्घवरून आला, मोठं मोल असलेला. त्याला आपण नुसतं 'त पडणं' जोडलं आणि दुसरा अर्थ उभा केला. आणि खर्चिक घ्या. लग्न खर्चिक असतं आणि पैसे उडवणारा माणूसही खर्चिकच. सतराव्या शतकात एक्सपेन्सिव्हही उधळ्या माणसाला म्हणायचे. आज बॉसला एक्सपेन्सिव्ह म्हणून बघा!

"ताई, तू हे शाळेत शिकवायला पाहिजेस," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "उदाहरण दे. लेकरांना नियम ध्यानात राहत नाही, उदाहरण राहतं."

एक्सपेन्सिव्हची उदाहरणं धडाधड दिली. आयफोन. पुण्यातली खोली. २०१५ ची तूरडाळ, ऑक्टोबरात किलोला २०० रुपयांच्या घरात गेली होती ती. कॉस्टलीला अडलो. म्हणजे उदाहरण होतं. तोंडातून निघत नव्हतं.

२०१५ हे वर्ष आमच्या घरात असं कुणी सहज काढत नाही. त्याच्या आदल्या वर्षी गारपिटीने उभी रब्बी झोपवली होती. मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे. त्या जूनमध्ये घरात दोन निकाल होते. मी बारावी पास. ताई बी.एस्सी., फर्स्ट क्लास. आप्पांचा हिशेब साधा होता. ताई बी.एड. करेल, ते एक वर्षाचं. मी तोवर लातूरलाच कुठेतरी कॉलेजात नाव घालीन. ताई नोकरीला लागली की मग माझं पुणं.

नेमकं त्याच वर्षापासून देशभर बी.एड. दोन वर्षांचं झालं. शिक्षक चांगले घडावेत म्हणून कोर्स वाढवला होता आणि त्यात चूक काही नव्हती. पण आप्पांच्या वहीत ते एक वर्ष कुठे बसेना. फी दुप्पट, राहणं-खाणं दुप्पट, नोकरी वर्षभर उशिरा. आप्पांनी बैलजोडी विकली. चाऱ्याला पैसा नव्हता, सगळा जिल्हाच जनावरं विकायला निघालेला, त्यामुळे भाव मिळाला ४५ हजार. एकाचंच भागणार होतं.

"त्याला जाऊ द्या," ताई म्हणाली. "त्याचं वय निघून जाईल. मी पुढच्या वर्षी बघते."

आता विचार केला तर ह्या वाक्यात लॉजिक शून्य आहे. मी अठराचा, ती एकवीसची. वय कुणाचं निघून जाणार होतं? पण तेव्हा मला त्यात काहीच खटकलं नाही. मी नवी सॅक घ्यायला लातूरला गेलो होतो.

पुढचं वर्ष आलं ते तुम्हीही टीव्हीवर पाहिलं असेल. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं. मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून लातूर शहरात जमावबंदी लावावी लागली. आणि एप्रिलमध्ये रेल्वे आली. मिरजेहून निघालेली पाण्याची गाडी १२ एप्रिलला पहाटे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची, पंचवीस लाख लिटरची गाडी धावायला लागली. कुर्डुवाडी-लातूर लाइनवरच आमचं मुरुड स्टेशन आहे. म्हणजे ते सगळं पाणी आमच्या गावातून पुढे जायचं. ते लातूर शहरासाठी होतं, मुरुडसाठी नव्हतं. मी पुण्यात हॉस्टेलवर शॉवरखाली उभा असायचो, आणि ताई फोनवर सांगायची, "आज पण गेली बघ गाडी." ती तेव्हा सकाळी तीन तास टँकरच्या रांगेत असायची. आईची कंबर धरली होती. बी.एड.च्या फॉर्मची तारीख कधी आली नि गेली, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

त्या पाण्याबद्दल मी पुढे एक इंग्रजी लेख केला. मे २०१६ मध्ये रेल्वेने त्या फेऱ्यांचं सुमारे चार कोटींचं बिल जिल्हाधिकारी कार्यालयाला पाठवलं होतं. तोवर सहा कोटी लिटरच्या वर पाणी आलं होतं. मी लिहिलं, 'एक्सपेन्सिव्ह वॉटर'. शब्द बरोबर होता. किलोमीटर माहीत, लिटर माहीत, आकडा माहीत. पण भर दुष्काळातही मांजरा खोऱ्यात ऊस उभा होता, वर्षानुवर्षं एकापुढे एक बोअर खोल जात होते, आणि मग कुणाची जनावरं गेली, कुणाची शाळा सुटली, कुणाचं लग्न दोन वर्षं आधी उरकलं. ह्याचं बिल कुणी कुणाला पाठवलं नाही. ते कॉस्टली होतं. माझ्या लेखात ते नव्हतं.

ताईचं लग्न २०१७ मध्ये झालं. दाजी चांगले आहेत, अडत दुकानात हिशेब लिहितात. बी.एड. नाही म्हणून शाळेत नोकरी नाही, म्हणून घरी शिकवण्या. मी पुण्यात फ्रीलान्सर. 'फ्रीलान्सर म्हंजे काय?' असं आप्पा अजून विचारतात, आणि ताई त्यांना सांगते, "लई मोठं काम असतंय ते."

"आरं, आहेस का?" फोनवर ताई.

"आहे. ताई, उदाहरण सुचलं."

"सांग."

"माझं पुणं. फी म्हणशील तर फार एक्सपेन्सिव्ह नव्हती. पण तुला कॉस्टली पडलं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. एक. दोन. मला वाटलं फोन कट झाला.

"येडा हाईस का?" ती म्हणाली. "हे काय लेकरांना सांगायचं उदाहरण हाय?"

"नाही, पण खरं आहे ना?"

"खरं हाय," ताई म्हणाली. एकदम सरळ आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं. "त्या वेळी नाही वाटलं. नंतर वाटलं. शाळेपुढून जाताना वाटायचं. तू दिवाळीला यायचास, पुण्याच्या गोष्टी सांगायचास, तेव्हा एक-दोनदा लई राग आला होता. मग गेला."

दहा वर्षांत हे पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने बोललं होतं. मी 'सॉरी' म्हणणार होतो. पण तुम्हीच सांगा, दहा वर्षांचं सॉरी कसं म्हणतात? त्याला कुठलं विशेषण लावतात? हेवी? ग्रेट? आमच्याकडे भावाने बहिणीला सॉरी म्हणायची पद्धतच नाही. साडी घेतात. साडी एक्सपेन्सिव्ह असली तर माफी मोठी.

"बरं ऐक," तीच म्हणाली. "फोन त्याच्यासाठी केलाच नव्हता. म्हणजे केला होता, पण आणखी एक काम हाय. बी.एड.च्या सीईटीचा फॉर्म निघालाय. माझ्या मोबाइलवर फोटो अपलोड होईना. साइज कमी करा म्हणतंय. तू लॅपटॉपवर भर."

मला दोन सेकंद कळलंच नाही. "कुणाचा फॉर्म?"

"माझा. आणखी कुणाचा? बारकी आता शाळेत जाते. दाजी हो म्हणालेत. दोन वर्षं तर दोन वर्षं. संध्याकाळची लेकरं सोडणार नाही, तेवढ्यावर घर निघतंय. आप्पाला आत्ता सांगू नको, नंबर लागला की मीच सांगते."

"आणि फी?"

"फी एक्सपेन्सिव्ह हाय," ताई म्हणाली, आणि हसली. "ती तू भरायची. बरोबर वापरला ना शब्द?"

"बरोबर."

"आता मार्क कापू नको."

ब्रश न करताच लॅपटॉप उघडला. ताईचा फोटो क्रॉप केला, तीनदा रिजेक्ट झाला, चौथ्यांदा बसला. नाव, आईचं नाव, गाव मुरुड, जिल्हा लातूर. पदवी बी.एस्सी. पास झाल्याचं वर्ष विचारलं होतं. २०१५. पुढच्या रकान्यात 'सध्या काय करता' असं होतं. मी 'शिक्षिका' लिहिलं. शाळेचं नाव विचारलं असतं तर अडलो असतो, पण विचारलं नाही.

पैसे भरले, पावती आली, ती तिला पाठवली. लगेच फोन.

"भरला?"

"भरला."

"मग झोप आता. रविवार हाय."